बावन्नचे पंचवीस का होतात?

ताई, नमस्कार.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका झाले. त्याआधी एकवीस वर्षं वर्गावर होते. बढती मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले. आता शाळेत पाऊल टाकलं की फोन वाजायला लागतो. सॅट्सची (मुलांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) एंट्री झाली का, अंडी किती आली, दूध पावडर किती शिल्लक आहे, अमुक माहिती बाराच्या आत पाठवा. परिपत्रकं सगळी कन्नडमध्ये. माझं कन्नड बाजारापुरतं. मुलाला फोटो पाठवून त्याच्याकडून वाचून घेते.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं की रोज चिंतन डायरी लिहा. ‘आजचा दिवस चांगला गेला, सुधारणेस वाव आहे’ याच्यापुढे पेन सरकत नाही. आमच्याकडे कन्नड शिकवणारे एक तरुण शिक्षक आहेत, सौंदत्तीकडचे. त्यांच्या तासाला मागे बसून मी शेरा लिहिला, ‘मुलांचा सहभाग कमी’. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. पट घसरतोय, दर्जाही घसरतोय; तिसरीतली मुलं बावन्न लिहा म्हटलं तर पंचवीस लिहितात. मैत्रीण म्हणते, दूरशिक्षणानं एम.ए. कर, तेवढीच प्रगती. मला मात्र कळेनासं झालंय की मी शिक्षिका उरलेय की कारकून. काय करू?

एक मुख्याध्यापिका, खानापूर तालुका

*

बाई, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझंच जुनं ऑफिस डोळ्यांपुढं आलं. लोखंडी कपाट, त्याच्यावर गुंडाळून ठेवलेले नकाशे, टेबलावर न संपणारे कागद. दुसऱ्यांदा वाचताना त्या सौंदत्तीच्या सरांची दया आली. तिसऱ्यांदा मात्र एका वाक्यापाशी अडकले ती अडकलेच. तुम्ही ते पटाच्या रडगाण्यात जाता जाता टाकून दिलंय. बावन्न लिहा म्हटलं तर पोरं पंचवीस लिहितात.

एकवीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला हे वाक्य असं टाकून पुढं जाता आलं, याचं मला वाईट वाटलं. वर्गावर असताना तुम्ही तिथं थांबला असता. किती पोरं असं लिहितात, बावन्नलाच असं होतं की सगळ्याच आकड्यांना, त्रेपन्नला काय लिहितात, हे त्याच दुपारी बघितलं असतं. शिक्षिका उरलेय की कारकून, असं तुम्ही विचारता. कारकून झाला नाही आहात अजून. पण ‘दर्जा घसरतोय’ हे ऑफिसातून बोललेलं वाक्य आहे, आणि अशी वाक्यं वाढत गेली की माणूस हळूहळू खुर्चीसारखाच दिसायला लागतो.

म्हणून आधी बावन्नचंच बघू. तुमचे बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

‘बावन्न’ म्हणताना आपण काय म्हणतो? ‘बा’ म्हणजे दोन, मग पन्नास. तोंडातून एकक आधी बाहेर पडतो आणि दशक मागून येतो. लिहिताना मात्र दशक आधी. पोरगं कानाला ऐकू आलं त्या क्रमानं लिहीत गेलं तर दोन आधी येणार, पाच नंतर. झाले पंचवीस. ते ढ नाहीच, उलट फार प्रामाणिकपणे ऐकतंय. एकोणतीसची तर आणखी गंमत. कानावर ‘तीस’ पडतो आणि लिहायचे असतात विसातले नऊ. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे आपण कधी फोडून सांगितलेलं असतं? मग त्यानं ३९ लिहिले की आपण कान पिळायला मोकळे. बरं, एकोणतीस, एकोणचाळीस करत करत पोरगं एकोणनव्वदपर्यंत नियमानं आलं की शेवटी नव्व्याण्णव. तिथं नियम गेला वाऱ्यावर.

आता तुमच्या त्या सरांची भाषा घ्या. कन्नडमध्ये बावन्नला ‘ऐवत्तेरडु’ म्हणतात. ऐवत्तु म्हणजे पन्नास, एरडु म्हणजे दोन. पन्नास आधी, दोन मागून, लिहितात तसंच. एकोणतीसला ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे वीस आणि नऊ. कुणाला कमी करायचं नाही, कुणाला उलटं करायचं नाही. आपल्या भागातली पोरं हे दोन्ही आकडे ऐकत मोठी होतात. आजी घरात बावन्न म्हणते आणि बसचा कंडक्टर ऐवत्तेरडु म्हणतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई आठवड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. पोरगं शाळेत सत्तेचाळीसचे ७४ लिहायचं, आणि मी तीन-चार महिने लाल पेनानं फुल्या मारत होते. एकदा बाजारात मी त्या दोघांच्या समोरच उभी होते. एका कन्नड गिऱ्हाइकाला त्यानं हिशोब सांगितला, ‘नलवत्तेळु’, आणि शंभराची नोट घेऊन त्रेपन्न रुपये मोजून परत दिले. एकदाही चुकला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याला म्हटलं, ‘नलवत्तेळु लिही बघू.’ त्यानं ४७ लिहिले. मग म्हटलं, ‘सत्तेचाळीस लिही.’ तो ७४ लिहायला गेला, अर्ध्यात थांबला, माझ्याकडे बघून हसला. बाई, माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं ट्रेनिंग ते. ना सर्टिफिकेट, ना जेवणाचा भत्ता.

जाता जाता एक कबुली देऊन टाकते. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या पुस्तकाच्या समितीवर काम केलेल्या गणितज्ञ मंगला नारळीकरांना लोकांनी काय काय ऐकवलं. मराठीची वाट लावली म्हणून मीही चार ठिकाणी तोंड वाजवलं होतं. बावन्न हा शब्द पोरांना आलाच पाहिजे, त्यावर मी आजही ठाम आहे. पण अडचण खरी होती, आणि ती माझ्या वर्गात मी आधीच बघितलेली होती. तरीही ओरडले. स्वतःचा अनुभव असा सोयीनं विसरता येतो.

तुमच्या पोरांचं कारण हेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. कदाचित एखाद्याला दशक म्हणजे काय हेच कळलेलं नसेल, कदाचित एखादं शेजारच्याचं बघून लिहीत असेल. ते पोरालाच विचारावं लागेल, आणि तेही ‘चूक का केलीस?’ असं दरडावून नाही. पाटी-पेन्सिल हातात देऊन, शेजारी मांडी घालून, ‘तू कसं लिहिलंस ते मला सांग’ एवढंच. मग गप्प बसायचं. आम्हा शिक्षकांना सगळ्यात जड जाणारं काम हेच. पोरानं तोंड उघडायच्या आत उत्तर आपल्या ओठांवर आलेलं असतं.

आता तुमच्या चिंतन डायरीकडे येते. ‘सुधारणेस वाव आहे’ हे वाक्य कोणत्याही शाळेत, कोणत्याही तारखेला चालतं. चंद्रावर शाळा काढली तर तिथंही चालेल. ते तुम्ही स्वतःसाठी लिहिलेलंच नाही. कुणीतरी डायरी उघडून सही करेल, त्याच्यासाठी लिहिलंय. तपासणीसाठी लिहिलेल्या वहीत खरं कोण लिहितं? त्यात पेन अडलं हा तुमचा दोष नाही. ती डायरी लागते तेवढी भरत राहा, त्याबद्दल जिवाला घोर लावून घेऊ नका. पर्समध्ये मावेल अशी दुसरी एक छोटी वही घ्या. तिच्यात दिवसाला एकच ओळ. ओळीत एखादं पोरगं असलं पाहिजे आणि त्यानं काय केलं ते असलं पाहिजे. ‘आज तिसरीत अमक्यानं त्रेसष्टला ३६ लिहिले, पण एकसष्ट बरोबर लिहिले.’ बस्स. मत नको, ठराव नको, संकल्प तर नकोच. संध्याकाळी खानापूरच्या बसमध्ये शून्य रुपयाचं तिकीट हातात आलं की खिडकीशी बसून लिहा. जागा मिळाली तर. बायकांना बस फुकट झाल्यापासून खिडकीची जागा मिळणं हे वेगळंच भाग्य आहे.

डोनाल्ड शॉन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८३ साली एक सोपी गोष्ट मांडली. वास्तुरचनाकार, मानसोपचारतज्ज्ञ, इंजिनिअर अशा लोकांची कामं बघून तो म्हणाला की मुरलेला माणूस दोन वेळा विचार करतो, एकदा हात चालू असताना आणि एकदा काम झाल्यावर. आपल्या ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यावरच सगळा भर, कारण तो कागदावर दिसतो. पहिला तर तुमच्याकडे एकवीस वर्षांचा आहे. फळ्यावर लिहिता लिहिता मागच्या बाकावरची कुजबुज ऐकून तुम्ही उदाहरण बदलायचात ना? तेच ते. पण तो विचार करायला हात चालू असावे लागतात, आणि तुमचे हात वर्षभर अंडी मोजतायत.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं. रोज एक तास घ्या, तिसरीचं गणित, आणि तो कुणालाही देऊ नका. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचा फोन आला तरी चाळीस मिनिटांनी उलट फोन करा. आभाळ कोसळत नाही. मी करून बघितलंय, एकदाच मेमोची धमकी आली, मेमो आला नाही.

आणि त्या तासाला कन्नड सरांना बोलवा, बघायला.

हे वाचून तुम्ही दचकला असाल. मुख्याध्यापिकेचा तास साध्या शिक्षकानं बघायचा? हो. कारण उलटं करून काय होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मी नवी मुख्याध्यापिका झाले तेव्हा मलाही उत्साह होता. कडक इस्त्रीची साडी, हातात वही, वर्गाच्या मागे खुर्ची. एका बाईंच्या तासाला जाऊन बसले, शेरे लिहिले, ऑफिसात बोलावून वाचून दाखवले. बाई मान खाली घालून ‘होय मॅडम’ म्हणाल्या. पुढच्या वेळी गेले तर तास नुसता झकास! प्रश्न विचारला की दहा हात वर. मी खूश होऊन ‘उत्तम प्रगती’ लिहिलं. बाहेर पडताना दाराशी बसलेली एक चिमुरडी म्हणाली, ‘मॅडम, ह्यो धडा आमचा काल पन झालाय की. तुमी येनार म्हनून परत घेतल्या बाई.’

त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. मागे खुर्ची टाकून वहीत लिहिणारं माणूस म्हणजे तपासनीस, आणि तपासनिसापुढं शहाणा माणूस पाठ केलेलंच दाखवतो. आपणही हेच करत आलो. साहेब येणार म्हटलं की वर्ग झाडून घ्यायचा, हुशार पोरं पुढं, बाकीची मागे.

जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे तास बघतात, त्याला ते ‘जुग्यो केनक्यू’ म्हणतात. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ ठरवतात, एकजण शिकवतो आणि बाकीचे बघत बसतात. पण ते बघतात पोरांकडे. कोणत्या पोरानं कुठं पेन्सिल थांबवली, कुणी काय खोडलं. पाठ सगळ्यांनी मिळून ठरवलेला असल्यानं तो फसला तरी एकट्या शिक्षकावर येत नाही. ही गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी आणायला माणसंही नाहीत आणि वेळही नाही. तुमच्या शाळेत बहुतेक एक-दोघं अतिथी शिक्षक असतील, त्यांना त्यांच्या मानधनाची चिंता. पण यातला एक धागा घेता येतो. खुर्ची उचला आणि पोरांच्या शेजारी, जमिनीवर बसा.

तर सरांना असं म्हणा, ‘सर, माझी तिसरीची पोरं आकडे उलटे लिहितात. मला कळत नाही का ते. तुम्ही माझ्या तासाला या आणि दोन पोरांकडे बघा. मी फळ्याकडे असते, मला दिसत नाही.’ हे नाटक म्हणून करू नका, खोटं असेल तर त्यांना दोन मिनिटांत कळेल. पण बाई, हे खोटं नाहीच. तुम्हाला खरंच कळलेलं नाही, आणि त्या शाळेत या कोड्याची अर्धी किल्ली त्यांच्याकडेच आहे. मराठी आकडे कानाला किती तिरके लागतात हे आपल्याला कधीच जाणवणार नाही, आपण त्यातच वाढलो. सौंदत्तीहून आलेल्या माणसाला बाजारात पहिल्याच दिवशी जाणवलं असेल. एकोणसत्तर म्हणजे नेमके किती, यावर तो माणूस केव्हातरी नक्की फसलेला आहे. विचारून बघा.

तो शेरा. ‘मुलांचा सहभाग कमी’. खरा असेलही. मराठी पोरांना कन्नड शिकवताना वर्ग गप्प बसतो, हे कुणीही सांगेल. पण तुम्ही तो लिहिलात आणि निघून गेलात, आणि दाराबाहेर पडताच तो निकाल झाला. परत घेता येत नाही, पण त्यावर बोलता येतं. एक दिवस चहाच्या वेळी सांगून टाका, ‘त्या दिवशी मी घाईनं लिहिलं, आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं.’ एवढंच. लांबण लावू नका, डोळ्यांत पाणी आणू नका, माणूस बुजतो.

दुसरं त्याहून अवघड मागणं मागते. त्यांच्याकडून कन्नड शिका.

मला माहीत आहे, आपल्याकडे हे वाक्य साधं राहत नाही. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न माझ्या सदरात सुटणार नाही आणि मी तो सोडवायला बसलेही नाही. माझ्या मराठीवर माझं किती प्रेम आहे ते हे सदर वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मी मुख्याध्यापिकेच्या टेबलाविषयी बोलतेय. स्वतःच्या शाळेला आलेला कागद जिला वाचता येत नाही तिला दिवसभर कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. आज मुलाच्या, उद्या आसपासच्या शाळांचा गट (क्लस्टर) सांभाळणाऱ्या सीआरपीच्या. मराठी शाळा ताठ मानेनं चालवायची तर तिच्या मुख्याध्यापिकेला सुत्तोले, म्हणजे परिपत्रकाचा कागद, घडाघडा वाचता आला पाहिजे.

आणि तो दिसतो तेवढा कठीण नसतो. परिपत्रकाची कन्नड ही साहित्याची कन्नड नव्हे. पंचवीस-तीस शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘माहिती’ तिथंही माहितीच. ‘दिनांक’ दिनांकच. ‘तक्षण’ म्हणजे तत्काळ, ‘कड्डायवागी’ म्हणजे सक्तीनं, ‘सल्लिसबेकु’ म्हणजे सादर करायचं. ‘वरदी’ म्हणजे अहवाल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गणवेशाबद्दल काही आहे समजून कपाटातले कपड्यांचे गठ्ठे मोजायला बसले होते. लिपी ओळखीची असली की महिनाभरात गाडी रुळावर येते. रोज पंधरा मिनिटं, त्या दिवशीचाच कागद, सरांच्या शेजारी बसून. शक्य असेल तर ऑफिसचं दार बंद न करता. पोरांना दिसू दे की बाईसुद्धा अडखळत वाचतात आणि सर त्यांना दुरुस्त करतात. तुमच्या शाळेत शिकणारं माणूस म्हणून पोरांना आजवर फक्त पोरंच दिसलीत.

यातून सरांशी तुमचं नातं सुधारेल का? बहुतेक सुधारेल. पण त्यासाठी करू नका. तुम्हाला कागद वाचता यावा म्हणून करा.

कागदांच्या ढिगाबद्दल माझ्याकडे जादू नाही. सकाळच्या प्रार्थनेआधी अर्धा तास आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास एवढाच त्यांना द्या. अंडी-केळ्यांचा रोजचा आकडा स्वयंपाकाच्या अक्कांनी भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर लिहावा आणि तुम्ही तो एकदाच रजिस्टरला उतरवावा. सॅट्सची एंट्री येणारा कुणी तरुण शिक्षक असेलच. पण त्याच्यावर सगळं ढकलून मोकळ्या होऊ नका, नाहीतर दोन वर्षांनी तोही मला पत्र लिहील.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांना घरी जायची घाई असते. तरी पाऊण तास मागा, आठवड्याला नाही, पंधरा दिवसांनी. त्या पाऊण तासात परिपत्रक वाचायचं नाही अशी शपथ घ्या. टेबलावर एका पोराची वही ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यावर बोलायचं. पहिल्या वेळी तुमच्या वर्गातली वही, तुमच्या लाल फुल्यांसकट. आमच्याकडे पहिल्या दोन बैठका पूर्ण फसल्या. एकजण घड्याळ बघत होता आणि एकजण ‘पालकच लक्ष देत नाहीत’ याच्या पलीकडे सरकायला तयार नव्हता. तिसऱ्या वेळी त्यानंच स्वतःच्या वर्गातली वही आणली. का आणली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

क्लस्टरची महिन्याची समालोचन सभा असते ना? नाव काय सुरेख आहे बघा. समालोचन, म्हणजे सगळ्या बाजूंनी नीट बघणं. आणि तिथं आपण बघतो काय, तर कुणाची कोणती माहिती यायची राहिलीय. सीआरपींना वीस मिनिटं मागा आणि पोराचं नाव झाकून तुमचं बावन्नचं पान तिथं ठेवा. आजूबाजूच्या गावांत हीच चूक होते का, ते एका दुपारी कळेल. कन्नड शाळांतल्या शिक्षकांनाही विचारा, त्यांच्याकडे आकडे उलटे होतात का. मला स्वतःला याचं उत्तर ऐकायची फार हौस आहे.

एम.ए. करायचं असेल तर खुशाल करा. वाचायची आवड असेल तर दोन वर्षं छान जातील. पण आत्ताच्या घुसमटीवर औषध म्हणून नको. टीसीएच (शिक्षकाचा कोर्स) केलं तेव्हा तुम्हाला शिकवायला आलं नव्हतं, पहिल्या वर्गातल्या पोरांनी ते शिकवलं. मुख्याध्यापकीचंही तसंच होणार. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी दरसाल किमान पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. आपल्या राज्यानं ते धोरण नको म्हणून २०२३ मध्ये सुखदेव थोरातांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचा आयोग नेमला, ते असो. कुणाचंही धोरण असलं तरी तास मोजले जातात, कारण तास मोजता येतात. जा ट्रेनिंगला, सह्या करा, एखादं चांगलं माणूस भेटलं तर त्याचा नंबर घेऊन या. मला डायटच्या (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या) ट्रेनिंगमध्ये अशा दोन मैत्रिणी मिळाल्या. आजही रात्री नऊनंतर आम्ही एकमेकींचं डोकं खातो. त्यांच्यापाशी मी हरल्याचं कबूल करू शकायचे. शाळेत करू शकत नव्हते, घरी तर नाहीच. अशी एखादी जवळपासची मुख्याध्यापिका शोधा, तुमच्याच वर्षी बढती झालेली असली तर उत्तम.

पटाबद्दल थोडक्यात. घरोघरी पोरं कमी झालीत, माणसं कामासाठी बेळगाव-गोव्याकडे जातात, आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येते. यातलं तुमच्या हातात फार थोडं आहे. दारोदार फिरायचं ते फिरा, पण रजिस्टरातल्या आकड्यावरून रात्री स्वतःची किंमत ठरवू नका.

उद्या बावन्न लिहिणाऱ्या त्या पोराशेजारी जाऊन बसा. त्याला आधी त्रेपन्न लिहायला सांगा, मग बासष्ट, मग पन्नास. सरांना सांगून कन्नडमध्येही विचारून बघा. काय लिहितो आणि काय सांगतो ते, त्याच्याच शब्दांत, मला एका कार्डावर कळवा. त्यानं त्रेपन्नचे काय केले असतील, हे मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

तुमची,
ताई